इतिहासात एमए केलेल्या माणसाला हेरिटेज कन्सल्टन्सीत खरंच काम असतं का?

मोडीवाली_कोल्हापूर

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर सांभाळून घ्या.

मी इतिहासात एमए, सेट झालंय, गेली ३ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. ज्यांना तासिका तत्त्व माहितीये त्यांना पुढचं सांगायला नको, आणि ज्यांना माहिती नाही त्यांनी सुखात राहावं. मोडी येते, सर्टिफिकेटपुरती नाही, खरंच वाचते. पेशवेकालीन बोरूचं अक्षर बऱ्यापैकी सरळ जातं, इंग्रजी अमदानीतलं टाकाने घाईत खरडलेलं असलं की अडखळते.

तर झालं असं की मागच्या महिन्यात एका आर्किटेक्ट मॅडमचा फोन आला. एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचा रिपोर्ट करतायत, त्यात 'इतिहास' म्हणून १० पानं हवीयत. मी जीव ओतून लिहिली. घराण्याची वंशावळ, सनद कधीची, इनाम गावं कुठली, शाहू महाराजांच्या काळात कोण कुठल्या हुद्द्यावर होतं, सगळं. त्यांनी वाचून फोन केला आणि म्हणाल्या, "छान लिहिलंय गं, पण यात वाडा कुठेय?"

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. पैसे वेळेवर दिले त्यांनी, ते मात्र खरं (५ हजार, तासिकेच्या मानाने चांगलेच).

तेव्हापासून विचार करतेय की हे काम पूर्णवेळ करता येतं का? कुठला कोर्स लागतो? आर्किटेक्ट नसलेल्या माणसाला कुणी विचारतं का? बाबा म्हणतात बीएड कर आणि गप्प बस. कुणी या लाईनमध्ये असेल तर खरं खरं सांगा, गोड बोलू नका.

तुळई_आणि_खांब

ताई, त्या मॅडमना माझा नमस्कार सांगा. प्रश्न एकदम बरोबर विचारला.

मी मुंबईत कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट, २२ वर्षं झाली. आमच्याकडे इतिहासवाले येतात ते ९० टक्के तुम्ही लिहिलंत तसंच लिहून आणतात. माणसांचा इतिहास. आम्हाला हवा असतो भिंतीचा इतिहास. म्हणजे कसं, समजा एका इमारतीला समोरून काचा लावून बंद केलेला व्हरांडा आहे. तो मुळात उघडा होता का? बंद केला तर कधी, कुणी, कशासाठी? मूळचा उघडा असेल तर काचा काढायच्या, पण बंद करून १०० वर्षं झाली असतील आणि त्या काचांच्या मागेच काहीतरी महत्त्वाचं घडलं असेल तर काचासुद्धा वारसाच झाल्या, मग हात लावायचा नाही. हा निर्णय मी ड्रॉइंग बघून घेऊ शकत नाही, कुणीतरी कागद आणून द्यावा लागतो. तो कागद आणणारा माणूस म्हणजे तुम्ही.

मुंबईपुरतं सांगतो. १९९५ ला इथे हेरिटेजचे नियम आले, देशात शहरासाठी असे नियम पहिल्यांदा इथेच. ग्रेड एक, दोन अ, दोन ब, तीन अशी यादी. पण त्या यादीत एकेका इमारतीबद्दल लिहिलंय किती, तर चार ओळी. मग मालक अर्ज करतो की आमची ग्रेड कमी करा किंवा यादीतूनच काढा, समितीपुढे सुनावणी, आणि तिथे दोन्ही बाजूंनी इतिहासाचे दाखले फेकले जातात. त्यात खरं काय हे सांगणारं कुणीतरी लागतं आणि ते आर्किटेक्टचं काम नाही, आम्हाला कमान दिसते, कमानीच्या मागची फाईल दिसत नाही.

वॉटसन हॉटेलचं बघा, काळा घोड्यापाशी, आताची एस्प्लनेड मॅन्शन. आर्किटेक्टला विचाराल तर तो सांगेल बिडाचा सांगाडा, सगळे सुटे भाग इंग्लंडहून आणून इथे जोडलेले, १८६० च्या दशकातलं. इतिहासवाला सांगेल ७ जुलै १८९६, ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं देशात पहिल्यांदा इथे दाखवली. आता सांगा, यातलं काय जपायचं? सांगाडा, की ती खोली? खोली जपायची तर आधी ती कुठली हे कागदावरून ठरवावं लागेल. दोन्ही उत्तरं लागतात आणि दुसरं उत्तर द्यायला ऑफिसात बहुतेक वेळा कुणी नसतं.

आता कडू गोष्ट. कायद्यात तुमच्यासाठी खुर्ची नाही. टेंडरमध्ये 'कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट' लिहिलेलं असतं, स्ट्रक्चरल इंजिनियर लिहिलेला असतो, इतिहासकार असावाच असं मी फार कमी वेळा वाचलंय. त्यामुळे तुम्ही आमच्या दारातून आत येता, 'रिसर्च असोसिएट' वगैरे नावाने, आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर नाव कधी असतं कधी नसतं. नाव असावं ही अट पहिल्याच दिवशी घाला. लाजू नका.

कोर्सचं: एमआर्क कॉन्झर्व्हेशन बीआर्कवाल्यांसाठी, ते तुमचं नाही. त्याच्या नादी लागू नका. प्लॅन आणि सेक्शन वाचायला शिका, ते दोन आठवड्यांचं काम आहे, कुठल्याही आर्किटेक्चर कॉलेजच्या पोरांबरोबर एखादा वाडा मोजायला जा, टेपचं दुसरं टोक धरा.

कडीपाट

वरच्या सरांनी बरंच सांगितलंय, मी थोडं आतलं सांगतो कारण मी अगदी तुमच्याच वाटेने आलोय, एमए इतिहास, सेट, तासिका, आणि मग एक दिवस कंटाळून सोडलं. १४ वर्षं झाली. पुण्यात असतो, फ्रीलान्स. लग्न जमवताना 'मुलगा काय करतो' याला उत्तर देताना आईची फार पंचाईत व्हायची, शेवटी ती 'पुराणवस्तूत आहे' असं सांगायला लागली.

एक किस्सा सांगतो म्हणजे काम काय असतं ते कळेल. घराण्याचं नाव पेठेचं नाव काही सांगत नाही.

वाडा दोन चौकी, रस्त्याला लागून दर्शनी भाग, वर सुरूदार खांब (सुरूच्या झाडाच्या घाटाचे), महिरपी, सुंदर लाकूडकाम. दोन भाऊ मालक. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की नानासाहेब पेशव्यांनी बांधून दिला. मोठ्या भावाला त्याचं हेरिटेज हॉटेल करायचंय, त्याला पेशवेकालीन हवा. धाकट्याचं एका बिल्डरशी बोलणं झालेलं, त्याचं म्हणणं हे सगळं पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं डागडुजीचं बांधकाम आहे, जुनं यात काही उरलेलंच नाही. फी दोघं मिळून देणार. मला वाटलं चांगलंय, दोघांचा मिळून एक माणूस म्हणजे निःपक्षपाती. कसलं काय.

मी आधी कागद बघितलेच नाहीत, तीन दिवस नुसता वाडा बघितला. मागच्या चौकात गिलावा पडला होता तिथे वीट चपटी, पातळ, पेशवाईतली असते तशी. दर्शनी भागात जिन्याखाली गिलावा उकरलेला तिथे ९ इंची वीट, इंग्रजी मापाची. म्हणजे पुढचं आणि मागचं एका वेळचं नाही हे तिथेच कळलं. मग छपरावर चढलो. मंगळुरी कौलं. एक सुटं कौल उलटं केलं तर मागे इंग्रजीत बासेल मिशन टाईल वर्क्स आणि खाली १८६५. धाकटा भाऊ बरोबर होता, त्याने लगेच मोबाईलवर फोटो काढला आणि मोठ्याला पाठवला, 'बघ, तुझी पेशवाई १८६५ ची आहे.'

इथे थांबा. ही चूक माझ्या ओळखीच्या चांगल्या चांगल्या लोकांनी केलीये. ते १८६५ हे कौलाचं साल नाहीये, मंगळूरचा कारखाना सुरू झाला त्याचं साल आहे, पुढची कित्येक वर्षं ते तसंच छापत राहिले, आपल्याकडे पेढ्यांच्या खोक्यावर 'स्थापना अमुक' असतं तसं. म्हणजे त्या कौलावरून एवढंच कळतं की छप्पर १८६५ च्या आधीचं नाही. आणि पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, म्हणून बासेल नाव असलेलं कौल साधारण त्याच्या अलीकडचंही नाही. झाली ना दोन टोकं. मधली पन्नास वर्षं आता कागदाने भरायची.

प्रॉपर्टी कार्डावर काही नाही, ते मालकी सांगतं, बांधकाम नाही. पेशवे दफ्तरात त्या घराण्याचं नाव सापडलं, पण नुसतं वर्षासनाच्या (दरसाल मिळणाऱ्या नेमणुकीच्या) यादीत, वाड्याचा उल्लेख नाही. आणि मग जे व्हायचं असतं तेच झालं, म्हणजे सगळीकडे हिंडून कागद सापडला घरातच. देवघराच्या माळ्यावर पत्र्याची पेटी, त्यात कीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, वाळवीने कडा खाल्लेल्या. वहिनी म्हणाल्या त्या रद्दीत द्यायच्या होत्या, दिवाळीला राहून गेलं. शके १८०९ ची वही, म्हणजे १८८७. त्यात सुतारांची मजुरी रोजच्या रोज, चुना, गूळ (चुन्यात घालायला, खायला नाही), आणि एका पानावर मंगळुरी कौलं, बोटीने मुंबईपर्यंत आणि तिथून आगगाडीने पुण्याला, भाड्यासकट. ते पान वाचताना अंगावर काटा आला खोटं कशाला सांगू. एवढा वेळ वाडा आपल्याशी बोलत नव्हता आणि अचानक हमालीसकट हिशोब द्यायला लागला.

मग रिपोर्टात लिहिलं की मागचा चौक पेशवाईतला असावा, पक्कं साल सांगता येत नाही, आणि दर्शनी भाग १८८७ चा, पणजोबांनी रेल्वेच्या ठेकेदारीत पैसा केला त्यातून बांधलेला. सुरूदार खांब त्यांनी मुद्दाम जुन्या धर्तीचे करून घेतले, पण खाली रस्त्याला दुकानाचे गाळे काढले आणि वर गॅलरी. म्हणजे पेशवाई संपून ७० वर्षं झाली तरी पैसा आल्यावर माणसाला खांब पेशवाईतलेच हवेत आणि भाडं मात्र इंग्रजी बाजारातलं, मला तरी नानासाहेबांच्या गोष्टीपेक्षा हे जास्त भारी वाटलं.

दोघं भाऊ नाराज. मोठा म्हणाला तुम्ही आमच्या घराण्याचा अपमान केला. धाकटा म्हणाला १८८७ कशाला लिहिलंत, 'निश्चित सांगता येत नाही' लिहायला काय झालं होतं. फीचा दुसरा हप्ता अजून यायचाय. वाड्यावर निळी ताडपत्री आहे, मी त्या रस्त्याने गेलो की बघून येतो.

तर ताई, तुमच्या १० पानात वाडा का नव्हता ते कळलं? तुम्ही सनद वाचली, ते बरोबरच. पण सनदेत वाडा नसतो. वाडा कीर्दीत असतो, सुताराच्या मजुरीत असतो, भाऊबंदकीच्या वाटणीपत्रात असतो. वाटणीपत्र तर सोन्याची खाण, 'दक्षिणेकडील तीन खण आणि न्हाणीघर धाकट्यास' असं कुणी उगाच लिहित नाही, त्या दिवशी तिथे न्हाणीघर होतं म्हणूनच लिहिलंय.

निपाणीकर_ओहायो

कडीपाट, ते कौल वाचून मी ऑफिसात जोरात हसले, सगळे बघायला लागले 😀

मोडीवाली, मी मूळची निपाणीची, पुण्यात इतिहासात एमए, मग इथे अमेरिकेत येऊन पब्लिक हिस्टरीत दुसरं एमए, आणि आता ९ वर्षं एका कन्सल्टिंग फर्ममध्ये 'आर्किटेक्चरल हिस्टोरियन'. वर खुर्चीबद्दल जे लिहिलंय ना, त्यावर मला बोलायचंय, कारण इथे खुर्ची आहे. आणि खुर्ची असली की काय होतं तेही ऐका.

इथे न्यूयॉर्कचं जुनं पेन स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतलं, केवढं मोठं स्टेशन, लोक हळहळले, आणि १९६६ ला कायदा आला, नॅशनल हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन अ‍ॅक्ट. त्यातलं कलम १०६ म्हणजे आमचं पोट. त्यात काय म्हटलंय, तर केंद्र सरकारचा पैसा, परवाना किंवा जमीन ज्या कामात आहे, मग तो हायवे असो, पूल असो, अगदी मोबाईलचा टॉवर असो, तर काम करायच्या आधी बघा की आजूबाजूला ऐतिहासिक काही आहे का आणि त्याला धक्का लागतोय का. बघा म्हणजे कुणी बघायचं? तर त्यासाठी केंद्राने पात्रता लिहून ठेवलीये, इतिहासकार म्हणजे इतिहासातलं एमए, किंवा बीए अधिक दोन वर्षांचं काम. झालं, आली खुर्ची. इंजिनियरिंग कंपन्यांना आम्हाला पगारावर ठेवावंच लागतं, हौस म्हणून नाही.

पण रोजचं काम काय? मला वाटलं होतं राजवाडे. इथे साधारण ५० वर्षांच्या वरचं ते सगळं तपासायचं असतं, म्हणजे आता १९७० च्या आसपासची घरं आली त्यात! गाडीत बसून हळूहळू गल्लीगल्लीतून जायचं, एक जण चालवतो, एक फोटो काढतो, छत कसं, खिडक्या बदलल्यात का, बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकल्यात का. एका आठवड्यात तीनशे घरं, सगळी सारखी, बैठी, गॅरेजवाली. कुत्री भुंकतात, म्हातारे बाहेर येऊन विचारतात तुम्ही टॅक्सवाले का. आणि दर १५ मिनिटांचा हिशोब टाईमशीटवर, कुठल्या प्रोजेक्टच्या नावावर टाकायचा, एखाद्या जुन्या पेपरात रमले आणि दोन तास गेले तर ते दोन तास कुणी द्यायचे? रमायचे पैसे मिळत नाहीत. हे पचायला मला दोन वर्षं लागली.

आनंद कशात आहे तेही सांगते. इथे विमा कंपन्यांसाठी सॅनबोर्न कंपनीने शहराशहरांचे नकाशे केले होते, आग लागली तर किती नुकसान ते कळावं म्हणून, त्यात प्रत्येक घर रंगवलेलं. गुलाबी म्हणजे वीट, पिवळं म्हणजे लाकूड, निळं म्हणजे दगड. तोच नकाशा मधूनमधून सुधारलेला, म्हणजे बदल झाला तिथे कागदाचा तुकडा चिकटवलेला. एकदा एका कोपऱ्यावर पिवळ्यावर गुलाबी तुकडा चिकटलेला दिसला आणि मालक शपथेवर सांगत होता की आमची इमारत पहिल्यापासून विटेची. नुसती बाहेरून वीट लावली असती तर नकाशात तसं वेगळं लिहितात, इथे तसं काही नव्हतं, आख्खी इमारतच नवी. कडीपाट यांचं कौल आणि माझा गुलाबी तुकडा सख्खे भाऊ.

आणि एक गोष्ट जी इथल्या कॉलेजात सांगत नाहीत. कलम १०६ 'बघा' म्हणतं, 'थांबा' म्हणत नाही. सगळं बघून, मीटिंगा घेऊन, पत्रं लिहून झाल्यावर पाडायचं असेल तर पाडतात, फक्त आधी आम्ही व्यवस्थित फोटो आणि इतिहास लिहून दप्तरात ठेवायचा. मी अशा सहा इमारतींचा इतिहास लिहिलाय ज्या आता नाहीत. आमच्या ओहायोतल्या सिनसिनाटीत तर हा कायदा यायच्याही आधी, १९५९ च्या सुमारास, वेस्ट एन्ड भागात हायवे आणि कारखान्यांसाठी सुमारे २५ हजार माणसं उठवली, बहुतेक सगळी काळी, आणि पाडायच्या आधी पालिकेने घराघराचे फोटो काढून ठेवले. घरासमोर एक माणूस नंबराची पाटी धरून उभा, आणि मागे पायऱ्यांवर बसलेली पोरं. ते फोटो आज आम्ही पुरावा म्हणून वापरतो. कधी कधी वाटतं की मी पण पाटीच धरून उभी आहे.

बरं, दुसरी बाजू, जुनी इमारत नीट दुरुस्त करून धंद्याला लावली तर खर्चाच्या २० टक्के केंद्राच्या करातून सूट मिळते, त्यासाठी ती ऐतिहासिक आहे हे लिहून सिद्ध करावं लागतं, ते पण आम्हीच लिहितो. तिथे गिऱ्हाईक आनंदाने पैसे देतं. इतिहासाला भाव कधी येतो तर त्याच्या मागे कर किंवा परवाना असतो तेव्हा, भावनेच्या भरात कुणी इतिहासकार पगारावर ठेवत नाही. पगार म्हणाल तर शाळामास्तराच्या आसपास, माझ्या सॉफ्टवेअरवाल्या नवऱ्यासमोर हा विषय आम्ही काढत नाही.

बांधकाम_निवृत्त

सर्व वाचले. मी सरकारी बांधकाम विभागातून निवृत्त, विभाग कुठला ते सांगत नाही. टेबलाच्या पलीकडून दोन शब्द.

आमच्याकडे काम निघते ते दरसूचीवर. दगडाला दर आहे, चुन्याला दर आहे, मचाण बांधायला दर आहे. 'पुराभिलेखागारात बसून १० दिवस शोधणे' याला दर नाही. मग सल्लागाराच्या टक्केवारीत ते गुंडाळायचे, आणि सल्लागार निवडायचा कमी दराचा. कमी दराचा सल्लागार पहिली काट कुठे मारणार? तुम्हीच सांगा. मी असा एक अहवाल पाहिला ज्यात किल्ल्याच्या इतिहासाचा भाग दुसऱ्याच किल्ल्याचा होता, नाव बदलायचे राहिले होते दोन ठिकाणी. वर सही, शिक्का सगळे होते. आणि आम्ही तो मंजूर केला, कारण आमच्यातल्या कुणी तो भाग वाचलाच नाही. माझाही त्यात हात आहे, म्हणून सांगतो.

पण आता चित्र थोडे हलते आहे. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारशात गेले. ११ आपले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. त्यातले ८ केंद्रीय पुरातत्त्वकडे, ४ राज्याकडे. यापुढे तिथे रोपवे, पार्किंग, पायऱ्या, काहीही करायचे तर वारशावर परिणाम काय याचा अभ्यास मागितला जाणार, आणि तो बाहेरचे लोक वाचणार. तिथे नाव बदलायचे राहिले तर चालणार नाही. मुली, तू कोल्हापूरची. पन्हाळा त्या १२ मध्ये आहे आणि पन्हाळ्यावर तर गाव नांदते आहे, नगरपरिषद आहे, घरे, हॉटेले, शाळा. तिथल्या माणसाला स्वतःच्या घरावर पत्रा बदलायची धास्ती. स्मारकापासून १०० मीटरमध्ये बांधकाम बंद, पुढचे २०० मीटर परवानगीने. कुणाचे घर कधीचे हे कागदावरून नीट सांगणारा माणूस तिथे लागणार आहे, सरकारलाही आणि घरवाल्यालाही. दोघांच्या बाजूने एकदम उभे राहता येणार नाही हे मात्र लक्षात ठेव.

तुझ्या बाबांना सांग, बीएड करून मग हे करता येते. मी त्यांच्या बाजूचा आहे.

मोडीवाली_कोल्हापूर

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काका, बाबांना तुमचा रिप्लाय वाचून दाखवला, ते खूश झाले, शेवटच्या ओळीवर जरा जास्तच.

कडीपाट दादा, तुमचं वाचून काल परत त्या वाड्यात गेले, या वेळी वही न घेता. जिन्याच्या बाजूला एक दार आहे, ते भिंतीत उघडतं. म्हणजे दार उघडलं की समोर भिंत! मागच्या वेळी मी त्या दाराशेजारी बसून चहा प्यायला होता आणि मला दिसलं नव्हतं. मालकिणीला विचारलं तर म्हणाल्या पलीकडे चुलत्यांचं घर, सासूबाईंच्या वेळी वाटणी झाली. वाटणीपत्र आहे का विचारलं तर म्हणाल्या वकिलाकडे असेल, नाहीतर चुलत्यांकडे, आणि चुलत्यांशी बोलणं नाही.

आता प्रश्न: चुलत्यांकडे मी जाऊ शकते का? म्हणजे ज्यांनी काम दिलं त्यांना न विचारता? आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जायचं तर काय काय लागतं, मी कॉलेजात असताना सरांबरोबर एकदाच गेले होते.

तुळई_आणि_खांब

न विचारता अजिबात नाही. आर्किटेक्ट मॅडमना विचारा, त्या मालकिणीला विचारतील, लेखी. कोर्टात काही चालू असेल तर तुमचा रिपोर्ट उद्या तिथे उघडला जाऊ शकतो, मग तुम्ही साक्षीदार. भिंतीत उघडणाऱ्या दाराचा फोटो आणि माप आधी घ्या, कारण त्या दाराची बातमी एकदा घरात पसरली की कुणीतरी ते प्लास्टर करून टाकतं, अनुभव आहे.

आणि ती १० पानं नव्याने लिहून मॅडमना द्या, या वेळी दारापासून सुरुवात करा. पैसे नवीन मागा. माझ्याकडे ऑगस्टनंतर एक काम येण्यासारखं आहे, त्याआधी दोन पानांचा नमुना मेसेजमध्ये पाठवा, वंशावळ नको.

निपाणीकर_ओहायो

पैसे नवीन मागा याला माझे १०० लाईक. आणि दार उघडून समोर भिंत, हे मला ३०० बैठ्या घरात एकदाही मिळालं नाही, जळतेय मी इथे.

कडीपाट

चुलत्यांकडे परवानगी मिळाली तर दुपारी ४ च्या चहाला जा, जेवायच्या वेळी नको, आणि पहिल्या भेटीत कागदाचं नाव काढू नका. त्यांच्या बाजूने ते दार दिसतं का एवढंच बघा. चौकट त्यांच्याकडे असेल आणि पल्ला तुमच्याकडे, तर वाटणी दाराच्या नंतरची, हे वाटणीपत्राशिवायच कळलं.

पुराभिलेखागारासाठी ओळखपत्र, कॉलेजचं किंवा फर्मचं लेटरहेडवरचं पत्र, आणि काय शोधताय ते एका ओळीत नीट लिहिलेला अर्ज. 'घराण्याचा इतिहास' असं लिहू नका, तिथला माणूस चाळीस रुमाल (कापडात बांधलेली कागदांची गाठोडी) दाखवून विचारेल यातला कुठला. गाव, पेठ, साल कुठल्यापासून कुठपर्यंत, आणि खात्याचं नाव माहिती असेल तर ते. उघडायच्या वेळेला दारात उभ्या राहा, दुपारी गेलात तर रुमाल बाहेर येईपर्यंत बंद करायची वेळ होते. पेन्सिल न्या, पेन चालत नाही बऱ्याच ठिकाणी. मास्क न्या. शके आणि फसली सालांवरून इंग्रजी साल काढायचा तक्ता मोबाईलमध्ये ठेवू नका, कागदावर न्या, मला एकदा मोबाईल बाहेर ठेवायला लावला होता आणि दिवसभर प्रत्येक शकात बोटांवर ७८ मिळवत बसलो होतो.